एकमताचा ठराव

शाळेतून आईला बोलावणं आलं, की ते पोराचं कौतुक करायला नसतं, हे जगातल्या कुठल्याही आईला शिकवावं लागत नाही. योरलेनीलाही कोणी शिकवलं नव्हतं. हॉटेलच्या लाँड्रीतून ती तशीच उठून आली होती. अंगात निळा युनिफॉर्म, हात कोपरापर्यंत लाल, आणि बसली ती बाकाच्या अगदी टोकावर, जणू बाक दुसऱ्या कोणाचं होतं.

ला नेब्लिना गावच्या क्वेकर, म्हणजे मौनात प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, शाळेतली ती सभेची खोली. लाकडी भिंती, गोलात मांडलेली बाकं आणि मधे मोकळी जागा. बाहेर मार्चचा डोंगरवारा छपराचा पत्रा धडाधड वाजवत होता. बाकांवर शाळासमितीची सात माणसं बसली होती आणि सातही माणसं चांगली होती. हे आधीच सांगून ठेवायला हवं. पुढे जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं, तर ही गोष्ट सांगायची गरजच पडली नसती!

एल्वा हॅडली सभेची चिटणीस होती. अडुसष्ट वर्षांची, पांढऱ्या केसांची, हातात कायम पेन्सिल. या मंडळींत मतदान नसतं. हात वर करायचे नाहीत, मोजायचे नाहीत. सगळ्यांनी शांत बसायचं, मनातून उमटलं तर उठून बोलायचं, आणि सभेचं मन कुठे झुकतंय ते ओळखून चिटणिसाने ठराव लिहायचा. लिहिलेला वाचून दाखवायचा. कोणी हरकत घेतली नाही की झालं एकमत. चौदा वर्षं एल्वा हे काम करत होती. तिच्या ठरावातला एक शब्द कधी बदलावा लागला नाही, असं गाव कौतुकाने म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर एल्वालाही ते ऐकायला आवडायचं.

विषय होता योरलेनीच्या मुलीचा, फाबिओलाचा. नऊ वर्षांची पोर. फेब्रुवारीत शाळा सुरू झाली तेव्हा किनाऱ्यावरच्या पुंतारेनासहून आईबरोबर इथे डोंगरावर आलेली. आदल्या दिवशी, बुधवारी, मुलांच्या शांतसभेत सगळी शाळा डोळे मिटून बसलेली असताना ही पोर एकदम किंचाळली, पायातला रबरी बूट काढला आणि समोरच्या मुलाला फेकून मारला. त्याच्या भुवईवर तीन टाके पडले. तो मुलगा म्हणजे जोएल, एल्वाचाच नातू.

"मी आज बाजूला होऊ का?" एल्वाने सुरुवातीलाच विचारलं होतं. "नातू माझा आहे. दुसरं कोणीतरी लिहा."

"छे, छे! एल्वा, तुझ्याइतकं निष्पक्ष कोण आहे इथे?" म्हातारा विल्मर म्हणाला. गावातल्या चीज कारखान्याचा जुना माणूस, सभेतला सगळ्यांत ज्येष्ठ.

मग बोलणं झालं. आवाज कोणाचाही चढला नाही. 'काढून टाका' हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. एकजण म्हणाली, मुलीच्या मनात बरंच साचलंय. दुसरा म्हणाला, तिला थोडी विश्रांती हवी. तिसरी म्हणाली, कदाचित आपली शाळा तिच्यासाठी योग्य जागा नसेल. असं साखरेत घोळवत घोळवत बोलणं एका जागी येऊन थांबलं. मग बराच वेळ शांतता. एल्वाने पेन्सिल टेकवली आणि लिहून वाचलं:

"फाबिओलाने हे वर्ष संपेपर्यंत घरी राहून मन शांत करावं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचार व्हावा, असं सभेचं एकमत आहे. पटतंय?"

"पटतं," विल्मर म्हणाला. इतरांनी माना हलवल्या. योरलेनी आपल्या हातांकडे बघत होती. एल्वाने रिवाजाप्रमाणे आणखी थोडा वेळ थांबून सगळ्यांवरून नजर फिरवली. योरलेनीवरूनही फिरवली. कोणी काही बोललं नाही.

"एकमताने मंजूर," एल्वाने लिहिलं.

"झालं?" योरलेनीने विचारलं.

"झालं."

"बरं. येते मी," म्हणून ती उठली. दाराशी एकदा थबकली, मग वाऱ्यात निघून गेली. 'किती समजूतदारपणे घेतलं बाईने!' कोणीतरी हळूच म्हणालं. एल्वालाही तसंच वाटलं. घरी जाऊन तिने जोएलच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि शांत झोपली.

पुढच्या मंगळवारी ती शाळेच्या स्वयंपाकघरात कॉफीसाठी शिरली, तर तिथे भांड्यांचा नुसता दणदणाट चालला होता.

स्वयंपाक सोइलाकडे. तीस वर्षं तिने या शाळेतल्या पोरांना भात आणि काळे घेवडे वाढलेत. स्वतः पक्की कॅथलिक, रविवारी चर्च चुकवायची नाही. पण दर बुधवारी चुलीवरचं उतरवून ती मुलांच्या शांतसभेत दाराजवळच्या बाकावर येऊन बसायची, 'पायांना विसावा द्यायला' म्हणून. एल्वाची आणि तिची तीस वर्षांची अगंतुगं.

"कॉफी मिळेल का गं?" एल्वाने विचारलं.

"मिळेल की, दोन्या एल्वा. बसा आपण."

दोन्या, म्हणजे बाईसाहेब! आपण! एल्वा चपापली. क्वेकर घरात मोठ्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात, हे नव्या माणसाला सोइलाच आधी शिकवायची! ती असं मानाने बोलायला लागली की समजावं, डोकं तापलंय.

"काय झालंय?"

"कुठे काय? सभा फार छान झाली म्हणे तुमची. एक आवाज चढला नाही."

"नाही चढला."

"स्मशानातही नाही चढत."

"सोइला, काय बोलायचं ते सरळ बोल."

सोइलाने हातातला डाव ओट्यावर आपटला. "सरळ बोलू? मग ऐक. तुम्ही सगळे मोठे लोक बुधवारी काय करता? डोळे मिटता. छान. मला नाही जमत. मी आपली जपमाळ ओढणारी बाई, मला डोळे मिटले की झोप येते. म्हणून मी उघडे ठेवते. आणि तुझ्या त्या पवित्र शांततेत काय चालतं, ते मी दर बुधवारी बघते!"

"काय चालतं?"

"तुझा जोएल नाक धरतो."

"म्हणजे?"

"म्हणजे असं." सोइलाने दोन बोटांत नाक चिमटलं आणि तोंड वाकडं केलं. "फाबिओलाकडे बघून. मग त्याच्या शेजारचा धरतो. मग त्याच्या शेजारची. सगळ्या गोलात एकेक नाक. त्या पोरीच्या दोन्ही बाजूंची पोरं बाकावर सरकत सरकत इतकी लांब जातात, की मधे अजून तीन जण मावतील. एक शब्द नाही. हसणं नाही. आणि वर टीचर मार्सेलाचे डोळे मिटलेले, विल्मरचे मिटलेले, तुझेही मिटलेले. पहिले तीन बुधवार ती मान खाली घालून बसली. चौथ्याला रडली, तेही आवाज न करता. पाचव्याला बूट फेकला. मी असते तर दोन्ही फेकले असते!"

"पण नाक कशासाठी धरतील?"

"ब्लीचसाठी! रोज पहाटे पाचपासून ती पोर आईबरोबर हॉटेलच्या चादरी भिजवते, मग शाळेत येते. वास येणार नाही तर काय गुलाब फुलणार?"

एल्वा कॉफी विसरली. "जोएल असं करणार नाही. घरात त्याने कधी कोणाला वेडंवाकडं बोललेलं मी ऐकलं नाही."

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!" सोइला म्हणाली. "म्हणूनच मुलीला घरी बसवलंत ना?"

हे जिव्हारी लागलं. एल्वा ताडकन म्हणाली, "इतकं सगळं बघत होतीस, तर मला पाच आठवड्यांत एकदा सांगावंसं वाटलं नाही तुला?"

पदर नसलेल्या बायका ॲप्रनला हात पुसतात, तसे सोइलाने कोरडेच हात बराच वेळ पुसले. "नाही सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "वाटलं, मी स्वयंपाकीण. तुमच्या सभेत आतून प्रेरणा झाली की माणूस उठून बोलतो. मला नुसता राग येत होता. रागाला तुम्ही प्रेरणा म्हणता का, ते मला ठाऊक नव्हतं. चूक माझीही आहे, एल्वा. पण मी ठराव नाही लिहिला."

त्या दुपारी जोएल घरी आला. चांगला पोरगा. कोंबड्यांना दाणे टाकले, आजीला लाकडं आणून दिली. एल्वाने त्याला समोर बसवलं आणि विचारलं.

त्याने नाकारलं नाही. पण त्याचा चेहरा पडला तो पकडलं गेल्यासारखा नाही, अन्याय झाल्यासारखा.

"पण आजी, मी काहीच बोललो नाही! एक शब्दही नाही! तूच सांगतेस ना, कोणाला वाईट बोलायचं नाही म्हणून? मी कधीच बोललो नाही तिला. कोणीच नाही बोललं."

"पण तिला वाईट वाटत होतं ना, जोएल?"

"मला काय माहीत? ती काही म्हणाली नाही. सगळे गप्प होते, टीचरपण गप्प. म्हणजे सगळ्यांना चालत होतं ना? तुमच्या सभेत तसंच असतं की! कोणी नको म्हटलं नाही, तर ठरलं."

हा मुलगा खोटं बोलत नव्हता, पळवाट काढत नव्हता. तो एल्वाचाच नियम तिला वाचून दाखवत होता, आणि त्यातला एकही शब्द चुकला नव्हता. चौदा वर्षं तिने हेच केलं होतं. गप्प बसलेल्यांकडे बघितलं होतं आणि लिहिलं होतं: एकमत. किती ठराव लिहिले असतील? त्यात कोण कोण मान खाली घालून बसलं असेल? तिला आठवेना, आणि आठवत नाही याचीच तिला लाज वाटली. नातवाला रागवायला ती बसली होती, पण रागवायला तोंडच उरलं नव्हतं.

"जोएल," ती म्हणाली, "मी तुला चुकीचं शिकवलंय. तू केलंस ते वाईट होतं, आणि ते तुला फाबिओलाला सांगावं लागेल. पण त्याआधी मला माझं निस्तरावं लागेल."

बुधवारी सकाळी ती आधी विल्मरकडे गेली. एकदा एकमताने लिहिलेला ठराव एकट्या चिटणिसाला खोडता येत नाही, सभा पुन्हा बसावी लागते. विल्मरने सगळं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली आणि म्हणाला, "वाईट झालं. पण घाई नको, एल्वा. पुढच्या महिन्याच्या सभेत घेऊ. अशा गोष्टी पिकू द्याव्यात. आपली जुनी पद्धत आहे ती."

"विल्मर, त्या मुलीला शनिवारच्या बसने पुंतारेनासला पाठवतायत. सोइलाने चौकशी केलीय. योरलेनी दिवसभर कामावर, पोरीला एकटं खोलीत कसं ठेवणार? तिथे मावशीकडे दोन तान्ही पोरं आहेत, ती सांभाळायची. आई इथे, पोर तिथे, आणि शाळा कुठेच नाही!"

"पण घाईत घेतलेला निर्णय..."

"चीज पिकायला ठेवतात, विल्मर. पोर नाही ठेवत. मी शुक्रवारी सभा बोलावतेय."

म्हातारा बघतच राहिला. त्याला असं तोडून बोलणारं त्या गावात कोणी नव्हतं. एल्वालाही आपल्या आवाजाचं नवल वाटलं. पण आता थांबणं शक्य नव्हतं.

तिथून ती हॉटेलच्या मागच्या दाराने लाँड्रीत गेली. आत वाफ कोंडलेली, चादरींचे ढीग, आणि त्या वासाने एल्वाचे डोळे चुरचुरले. एका कोपऱ्यात फाबिओला उलट्या बादलीवर बसून उशांचे अभ्रे घडी करत होती. टोकाला टोक, अगदी नीट. तिने वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

"पुस्तकं परत करायची राहिलीत ना?" योरलेनी एल्वाकडे न बघताच म्हणाली. "उद्या पाठवते."

"पुस्तकांसाठी नाही आले. योरलेनी, माझी चूक झाली. गुरुवारी सभेत तुला काय म्हणायचं होतं, ते विचारायला आलेय."

योरलेनीने यंत्र बंद केलं. त्या अचानक पडलेल्या शांततेत ती एल्वासमोर येऊन उभी राहिली.

"आता? आता विचारताय?"

"मी तेव्हाही विचारलं होतं, पटतंय का म्हणून, पण..."

"ते तुम्ही हवेला विचारलंत, दोन्या एल्वा! माझं नाव योरलेनी आहे. 'योरलेनी, तुझं काय म्हणणं आहे,' असं कोणी विचारलं? सात जणांत एकाने? तुम्ही सगळे डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं, तुमची प्रार्थना चाललीय. प्रार्थनेत मधेच बोलणारी असभ्य बाई म्हणतील, म्हणून मी जीभ दाताखाली धरून बसले. वाटलं, आमेन झालं की मला विचारतील. तुमचं आमेन झालं आणि तुम्ही म्हणालात, झालं! मी तर बोलायची वाट बघत होते, आणि तुम्ही ते संमती म्हणून लिहून टाकलंत!"

"हो," एल्वा म्हणाली. "तसंच केलं मी."

"मला सांगायचं होतं, की माझी पोर इथे यायच्या आधी शाळेतून गाणी म्हणत घरी यायची. इथे आल्यापासून रोज रात्री साबणाने हात घासते. कातडं सोलेपर्यंत घासते. मी विचारलं का, तर म्हणते, वास येतो. हे मला सांगायचं होतं."

फाबिओलाचे हात अभ्र्यावर थांबले होते. एल्वाचे गुडघे कुरकुरले, पण ती पोरीसमोर खाली बसली. "फाबिओला, जोएलने आणि बाकीच्यांनी काय केलं ते मला आता कळलं. मी त्याच खोलीत होते आणि मला दिसलं नाही. तू परत शाळेत यावंस, असं मला फार वाटतं. तुला काय वाटतं?"

पोरीने बराच वेळ उत्तर दिलं नाही. एल्वाने वाट पाहिली. या खेपेस मात्र तिने त्या गप्पपणाचा अर्थ आपल्या मनाने लावला नाही.

"बूट परत नाही दिला मला कोणी," फाबिओला शेवटी म्हणाली. मग एकदम तिने अभ्रा खाली टाकला. "आणि सगळे म्हणतात, मी उगाच मारलं. मी उगाच नाही मारलं!"

"उगाच नाही मारलंस," एल्वा म्हणाली.

योरलेनीचा राग काही विरघळला नाही. ती म्हणाली, "शुक्रवारी येईन मी. पण तुमचं 'सॉरी' ऐकायला नाही. माझं म्हणणं लिहून घेणार असाल तर येईन. नाहीतर शनिवारची बस आहेच."

शुक्रवारी दुपारी सभेची खोली भरली. सातही जण आले, टीचर मार्सेला आली, सोइला ॲप्रनसकट येऊन बाकावर ठाण मांडून बसली. योरलेनी फाबिओलाला घेऊन आली. जोएललाही एल्वाने आणलं होतं. कपाळावरची पट्टी आता निघाली होती, पण तीन टाक्यांची काळी रेघ दिसत होती.

एल्वा उभी राहिली. "मागच्या गुरुवारी मी एकमताचा ठराव लिहिला," ती म्हणाली. "ते एकमत नव्हतं. या खोलीत जिच्या मुलीचा प्रश्न होता ती आई बोलली नव्हती, आणि ती बोलली नाही म्हणून तिला पटलं, असं मी गृहीत धरलं. दर बुधवारी याच खोलीत एका मुलीचा छळ होत होता, आणि तोही कोणी बोललं नाही म्हणून आपल्याला कळला नाही. आपण शांततेला एवढं मानतो, की तिच्या आड काय दडतं ते बघायचं विसरलो. आज मी हवेला विचारणार नाही. एकेकाचं नाव घेऊन विचारेन. योरलेनी, आधी तू."

योरलेनी उठली. ती बोलली. पहाटेच्या लाँड्रीबद्दल, साबणाबद्दल, गाणी बंद झाल्याबद्दल. टीचर मार्सेला तोंडाला हात लावून रडायला लागली. दोघा-तिघांच्या माना खाली गेल्या. मग योरलेनी म्हणाली, "मुलगी परत येईल. पण बुधवारी तिला त्या गोलात बसवायचं नाही. तिची तयारी होईल तेव्हा ती बसेल. तोवर ती सोइलाजवळ स्वयंपाकघरात असेल. आणि अजून एक. ठरावात 'मुलीला माफ केलं' असं काही लिहायचं नाही. तिने बूट फेकला, ते लिहा. का फेकला, तेही लिहा. कोणी काय केलं, नावानिशी लिहा. माझ्या मुलीचं नाव तुमच्या वहीत आहे, मग एकटीचंच का असावं?"

खोलीत चुळबुळ झाली. ठरावाची वही गाव वर्षानुवर्षं जपून ठेवतं. त्यात लहान मुलाचं नाव, तेही असल्या गोष्टीसाठी? विल्मर घसा खाकरत उठला. "एल्वा, हे मला जड जातंय. मुलांची नावं वहीत नसावीत, आणि शांतसभेतून कोणाला वगळणंही बरं नाही."

"मुलांची नावं नसावीत?" सोइला बसल्या जागेवरून कडाडली. "गेल्या गुरुवारी फाबिओला काय साठ वर्षांची होती?"

विल्मर उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं. "खरंय," तो हळूच म्हणाला. "ते मला तेव्हा सुचलं नाही. तरी माझं मन पूर्ण तयार नाही, खोटं कशाला बोलू? पण मी आडवा येणार नाही. तसं लिही."

एल्वाने प्रत्येकाला नावाने विचारलं. मग जोएलकडे वळली. "जोएल, तुझं नाव लिहायचंय. तुला काय म्हणायचंय?"

जोएल रडवेला झाला होता. ती यातून सोडवेल या आशेने त्याने आजीकडे पाहिलं. एल्वाचं काळीज तुटलं, पण ती हलली नाही. "मी सुरू केलं," तो पुटपुटला. मग फाबिओलाकडे बघून जरा मोठ्याने म्हणाला, "मी सुरू केलं ते. नाक धरायचं."

फाबिओलाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तिने 'असू दे' म्हटलं नाही, आणि तसं म्हण असंही तिला कोणी सांगितलं नाही.

एल्वा लिहायला बसली. 'जोएल हॅडली' हे नाव आलं तिथे पेन्सिल थांबली. आपल्या हाताने, आपल्या रक्ताच्या पोराचं नाव! क्षणभर तिला वाटलं, 'काही मुलांनी' असं लिहावं. कोणी हरकत घेणार नाही. सगळे गप्पच बसतील. आणि त्या विचारानेच तिने नाव पूर्ण लिहिलं. मग उभी राहून वाचलं:

"दर बुधवारी शांतसभेत जोएल हॅडलीने नाक धरून फाबिओलाचा अपमान केला. इतर मुलांनी त्याचं पाहून तसंच केलं. आम्ही मोठी माणसं तिथे होतो आणि आम्ही पाहिलं नाही. पाचव्या बुधवारी फाबिओलाने बूट फेकून जोएलला जखमी केलं. तिला घरी बसवण्याचा आमचा ठराव चुकीचा होता. या ठरावाला विल्मरचं मन पूर्ण तयार नाही, पण तो आडवा येत नाही. एकमत झालेलं नाही. फाबिओला सोमवारपासून शाळेत येईल."

"योरलेनी, बरोबर आहे?"

"'येईल' नाही," योरलेनी म्हणाली. "'यायचं ठरवलंय' असं लिहा. तिने."

चौदा वर्षांत पहिल्यांदा एल्वाच्या ठरावातला शब्द बदलला. तिने तो खोडला आणि वर नवा लिहिला.

फाबिओला सोमवारी आली, तेव्हा सगळं काही गोडीगुलाबीचं झालं नव्हतं. कितीतरी दिवस ती वर्गात फारसं बोलली नाही. जोएलशी तर मुळीच नाही. त्याने दोनदा तिच्यासाठी खेळात जागा धरली, आणि दोन्ही वेळा ती दुसरीकडे गेली. बुधवारी ती सोइलाच्या हाताखाली घेवडे निवडायची. तिथून सभेची खोली दिसत होती. मे महिन्यात एका बुधवारी ती उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. एल्वाने तिला पाहिलं, कारण एल्वा आता मुलांच्या सभेत डोळे उघडे ठेवून बसायची. तिने बोलावलं नाही, नुसतं शेजारी थोडं सरकून जागा केली. त्या दिवशी ती जागा रिकामीच राहिली.

आपणही घरात, कचेरीत, पंचांच्या बैठकीत किती सहज म्हणतो, 'सर्वानुमते ठरलं!' कोणी काही बोललं नाही म्हणजे सगळे राजी, हे आपल्या किती अंगवळणी पडलंय! पण गप्प बसणारा प्रत्येक माणूस राजी नसतो. कोणी भितो, कोणी लाजतो, आणि कोणाला बोलायची पाळी आपली कधी येणार हेच माहीत नसतं. अशा माणसाच्या मौनावर आपली सही उमटवणं हा अन्याय आहे, मग तो कितीही मृदू आवाजात झालेला असो. लेकरांना नुसतं 'वाईट बोलू नका' शिकवून भागत नाही. दुसऱ्याचं दुखणं बघायला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी आधी आपण बघावं लागतं. म्हणून ठरवायच्या आधी एकदा नजर फिरवा, आणि जो गप्प बसलाय त्याचं नाव घेऊन विचारा. मग उत्तर येईपर्यंत थांबा.